समुद्रात सोडलेली तार

श्री. अनंत शिवराम कांदळगावकर यांना मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा ते दुकानात नव्हते. मालवणच्या बाजारात त्यांचे ॲम्प्लिफायर-दुरुस्तीचे दुकान उघडे होते, पंखा चालू होता, आणि टेबलावरच्या एका उघड्या सेटमधले काचेचे व्हॉल्व्ह दिव्यांसारखे मंद लाल पेटलेले होते. मी मुंबईहून रेडिओ इंजिनिअरिंगची पदविका घेऊन नुकतीच वालावलला घरी परतले होते आणि काम शोधत होते. कोणी नाही असे पाहून मी टेबलाजवळ गेले. मागून शांत आवाज आला, "डावो हात खिशात घाल, बाय. मगे काय बघूचा ता बघ."

माझ्या पोलक्याला खिसा नव्हता. मी हात पाठीमागे घेतला. तेवढ्यावर त्यांनी मला कामावर ठेवले असे ते आजही सांगतात. पदविकेचा कागद त्यांनी नंतर पाहिला आणि नीट घडी करून परत दिला.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात इतर मान्यवर त्यांच्या बोटीवरच्या दिवसांविषयी, जत्रांतल्या ध्वनिव्यवस्थेविषयी आणि गावच्या कामांविषयी लिहितीलच. अनंतरावांनी तरुणपणी व्यापारी जहाजांवर वायरलेस ऑपरेटर म्हणून नोकरी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. मी त्यांच्या कामाच्या पद्धतीविषयी लिहिते, कारण ती मी जवळून पाहिली आहे.

एका हाताचा नियम हा त्या पद्धतीचा पाया. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये माणूस मारण्याइतका विजेचा दाब असतो. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. म्हणून अनंतराव उघड्या सेटसमोर डावा हात खिशातच ठेवतात. सवय इतकी जुनी आहे की देवळातही ते उजव्या हातानेच नमस्कार करतात. यावरून बाजारात थट्टा होते. शेजारचे कापडवाले त्यांना विचारतात, "देव पण शॉक मारता काय, अनंता?" अनंतरावांचे उत्तर ठरलेले आहे: "तेचो मेन स्वीच खंय आसा, तुका म्हायत आसा?"

दुसरा नियम वाट पाहण्याचा. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी मला एका बंद सेटमधला, वीज साठवणारा मोठा कंडेन्सर रिकामा करायला सांगितले. मी केला, मीटर लावला, काटा शून्यावर आला. "रिकामा झाला," मी म्हटले. त्यांनी चहा मागवला. चहा होईपर्यंत कुणीही त्या सेटला हात लावला नाही, वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढून ठेवलेली होती. मग ते म्हणाले, "आता बघ." मी मीटर लावला. काटा शून्यावरून उठला होता. कंडेन्सरमध्ये गेलेला भार थोडा परत येतो, हे मी शिकले होते. पण बंद पडलेली वस्तू आपल्या पाठीमागे हळूहळू भरत होती, हे पाहताना मानेवर गार हवा लागल्यासारखे झाले. अनंतराव एवढेच म्हणाले, "रिकामो झालो ता आपण म्हणतो. तो म्हणना नाय."

जुना सेट विकत घेताना ते आधी त्याचा वास घेतात. जळलेल्या मेणाचा वास आला तर ट्रान्सफॉर्मर तापून गेलेला असतो. मग प्रत्येक व्हॉल्व्हच्या माथ्यावरचा चंदेरी डाग पाहतात. डाग चकचकीत असेल तर व्हॉल्व्ह जिवंत. दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा तो दिसतो. असा व्हॉल्व्ह ते कधी फेकत नाहीत, वाळूत पुरतात. का, हे मी विचारलेले नाही.

किनाऱ्यावर माडांच्या कडेला राहणाऱ्या सुभद्राकाकींच्या मुलासाठी, मोहनसाठी, त्यांनी मुंबईत जाऊन असाच एक ॲम्प्लिफायरचा सेट पारखून घेतला होता. मोहन तिथल्या एका हॉटेलच्या बॅंडमध्ये बेस गिटार वाजवत असे. चार जाड तारांचे ते वाद्य पोटात घुमणारा खालचा सूर देते आणि ॲम्प्लिफायरशिवाय जवळजवळ मुके असते. मोहन सुट्टीत दोन्ही घेऊन घरी येई. अनंतरावांनी त्यासाठी काकींच्या अंगणात खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली आणि सेटची अर्थिंगची तार तिला जोडली. सेटमध्ये गळती झाली तर वीज माणसातून न जाता या तारेने जमिनीत जावी, एवढेच तिचे काम. उन्हाळ्यात तिथे पाणी घालायला त्यांनी काकींना सांगितले होते. काकी तुळशीबरोबर तिथेही रोज तांब्या ओतत.

अशाच एका सुट्टीत मोहन चुलतभावाच्या होडीतून समुद्रात गेला. होडी उलटली. बाकीचे पोहून आले. मोहन आला नाही आणि त्याचे शरीरही किनाऱ्याला लागले नाही. दर्भाचा पुतळा करून दहन करावे असे भावकीने सुचवले. काकींनी नकार दिला.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी काकींची पुतणी दुकानात आली. तिचे म्हणणे असे की मोहनचा सेट संध्याकाळी बोलतो आणि काकी त्याच्याशी बोलते. अनंतरावांनी हत्यारांची पेटी उचलली. मीही गेले.

दिवेलागणीची वेळ होती. ओटीवर सेट चालू होता, शेजारी भिंतीला गिटार टेकवलेली होती आणि दोन्हींच्या मधली वायर जोडलेली होती. सेटमधून एक खालची, सलग घरघर येत होती. माणूस तोंड मिटून गुणगुणतो तशी. घरातल्या सगळ्या लोखंडाला खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून खोबरेल लावतात, तसे काकी गिटारच्या तारांना लावत होत्या. तारांवरून बोटे फिरवताना त्या थांबल्या आणि हसल्या.

"बघलास मेस्त्री? हात धरता माझो. मुंगये येतत."

अनंतरावांनी माझ्याकडे पाहिले. मी टेस्टर गिटारच्या तारेला लावला. त्यातला दिवा पेटला.

ट्रान्सफॉर्मर ओल खाऊन गळत होता. गळती सेटच्या पत्र्यावर येत होती, पत्र्यावरून वायरीने गिटारच्या तारांवर, आणि तारांवरून काकींच्या हातात. शेणाने सारवलेली जमीन तेव्हा कोरडी होती, म्हणून फक्त मुंग्या येत होत्या. पावसाळ्यात तीच जमीन ओली झाली असती. मी अंगणात जाऊन पाहिले. तांब्याच्या पट्टीची तार उपटून माडाला गुंडाळून ठेवली होती.

"ही तार कोणी काडली, वयनी?" अनंतरावांनी विचारले.

"मी काडलंय."

"कित्याक?"

"माझ्या झिलाक कोणी मातयेत घालूक नाय. तेची तार मातयेत कित्याक रवात?" आणि मग, अभिमानाने, "काडलंय तेव्हापासून बोलाक लागलो."

ते खरे होते. अर्थिंग नसलेला सेट घरघरतो. जी चूक त्यांचा जीव घेणार होती, तिनेच त्यांना मुलगा परत दिला होता.

अनंतरावांच्या स्वभावातली एक गोष्ट मी इथे नोंदवते. बिघाडाविषयी ते गिऱ्हाइकाशी खोटे बोलत नाहीत. त्या दिवशी काही न सांगता तार जोडून टाकणे सोपे होते. ते जमिनीवर काकींसमोर बसले. म्हणाले, "वयनी, हो आवाज विजेचो आसा. मोहनाचो नाय. तार परत लावलंय तर आवाज जातलो, मुंगये पण जातले. नाय लावलंय तर पावसात तू मरतलंस."

"तुमची वीज माका आये म्हणता?"

"नाय म्हणना."

"ह्यो म्हणता. आणि मी मरान मरान काय करान? तेच्याकडेच जायन ना?"

सेट दुकानात नेऊन ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळता आला असता. पण काकी तो उंबऱ्याबाहेर जाऊ देईनात. मी त्यांना गळतीचे कारण पुन्हा समजावू लागले. त्यांनी माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि पुतणीला म्हणाल्या, "हुशार आसा चेडू. हेका चाय दी."

अनंतरावांनी समुद्राकडे पाहिले. माडांपलीकडे ओहोटी होती, काळे खडक उघडे पडले होते. मग ते म्हणाले, "वयनी, बोटीर आमच्या वायरलेसचा अर्थिंग खंय असायचा, म्हायत आसा? बोटीर माती खंयची? तार बोटीच्या लोखंडाक, नि लोखंड समुद्रात."

काकींनीही समुद्राकडे पाहिले.

"मातयेत घालनय नाय. समुद्रात सोडतंय. चलात?"

काकी उठल्या. अंगणातली पट्टी खणून काढली, तिला लांब तार जोडली आणि माडांतून खाली नेली. पट्टी खडकांतल्या खोल कपारीत, जिथे ओहोटीलाही पाणी राहते, तिथे काकींनी स्वतःच्या हाताने बसवली. त्या पाण्यात वाकून काहीतरी म्हणाल्या. ते मला ऐकू आले नाही आणि मी पुढे झाले नाही. तांत्रिकदृष्ट्या याहून चांगले अर्थिंग त्या घराला मिळाले नसते. खाऱ्या पाण्याइतकी वीज कोरडी माती नेत नाही.

ओटीवर परतून अनंतरावांनी तार जोडली. घरघर थांबली. टेस्टर पेटला नाही. मी गिटारची वायर दोन्हीकडून काढली आणि तारांवरचे खोबरेल कोरड्या फडक्याने पुसायला घेतले. काकींनी तारांवर हात ठेवला.

"थंड आसा," त्या म्हणाल्या. मग अनंतरावांकडे न पाहता, "गेलो."

आम्ही बसून राहिलो. उठून जाता येईना. भरती लागली होती. पाणी खडकांत चढल्याचा आवाज ओटीवर येऊ लागला. आणि सेटमधून एक सूर आला. मघाची घरघर नव्हे. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडावी तसा, खालचा, गोल, सावकाश विरणारा सूर.

गिटारची वायर माझ्या हातात होती. तिचे एकही टोक कुठेही जोडलेले नव्हते.

काकी म्हणाल्या, "तार गावली तेका."

अनंतरावांनी डावा हात खिशातून बाहेर काढला आणि दोन्ही हात जोडले. त्यांना तसे करताना मी तोवर कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात कारणे मांडली. लाटांच्या धक्क्याने ओटी हादरून व्हॉल्व्ह वाजला असेल. लांब तारेने काहीतरी पकडले असेल. खाऱ्या पाण्यात जोड भिजून अस्थिर झाला असेल. अनंतरावांनी सर्व ऐकले. म्हणाले, "सगळी कारणां बरी आसत. बदलूचा काय, ता सांग." मी काकींकडे परत जाऊन प्रत्येक व्हॉल्व्हवर टिचकी मारून पाहिली. एकही वाजला नाही. जोड पक्का होता. बदलण्यासारखे मला काही सापडले नाही, आणि अजून सापडलेले नाही.

तेव्हापासून दर वर्षी पावसाळ्यापूर्वी अनंतराव ती तार तपासायला जातात. ट्रान्झिस्टरचे सेट आता कसालच्या बाजारातही मिळू लागले आहेत आणि व्हॉल्व्ह दुर्मिळ होत चालले आहेत. दुकानाच्या वरच्या फळीवर कापसात गुंडाळलेले काही नवे व्हॉल्व्ह आहेत. कितीही गरज पडली तरी ते मोहनच्या सेटखेरीज दुसऱ्या कुणाच्या सेटला लागत नाहीत. कुणकेश्वरच्या जत्रेत आमचा स्वतःचा सेट ऐन वेळी बंद पडला होता, तेव्हाही लागले नाहीत.

सुभद्राकाकी धडधाकट आहेत. यंदा आम्ही गेलो तेव्हा मी त्यांना अनंतरावांच्या साठीची बातमी दिली. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, सेट चालू केला आणि समुद्राकडे तोंड करून गाऱ्हाणे घातले. आमच्याकडे गाऱ्हाण्यात एकाने मागायचे आणि बाकीच्यांनी होकार भरायचा असतो.

"बा देवा म्हाराजा, ह्या मेस्त्रीक साठ वर्सां भरली. तेणी माका जगवल्यान. तेचे हात धड ठेव, नजर धड ठेव, आणि शंभर वर्सां तेका ह्या वाटेन येवक दी, रे म्हाराजा."

अनंतराव स्वतःसाठी होकार कसा भरणार? तो मी द्यायचा होता. गिटारची वायर त्याही वेळी मी पुसण्यासाठी काढून ठेवलेली होती. मी तोंड उघडले, पण माझ्या आधी सेटमधून तो खालचा सूर आला, पूर्ण घुमला आणि विरला.

मग मीही म्हटले, "व्हय म्हाराजा."