तीन मैल खोलीवरचा बटाटा

चहा घ्या, पण आधी एक कबूल करा. ऐकून झाल्यावर "चूक तुमचीच होती, भाऊराव" असं म्हणायचं नाही. ते म्हणणारं एक माणूस आमच्या घरात आहे आणि ते एक पुरे आहे.

घोळ झाला, हे मी मान्य करतो. मोठा झाला. पण तो नियमाप्रमाणे झाला! हे कोणी लक्षातच घेत नाही.

तेव्हा भिलाईत कारखाना उभा राहत होता. एक भट्टी पेटली की दुसरीचा पाया खणायला सुरुवात. धोतर पांढरं वाळत घालावं आणि लाल काढावं, असे दिवस. मी चरोद्याच्या यार्डाजवळ एका कंत्राटदाराच्या शेडमध्ये सॅम्पल-बाबू होतो. सॅम्पल-बाबू म्हणजे काय? बालाघाटकडून मँगनीजचे दगड वॅगन भरभरून यायचे. त्यातला नमुना काढायचा, फोडायचा, कुटायचा, त्याचा ढीग करायचा. ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे. उरलेले दोन एकत्र करून पुन्हा कुटायचे, पुन्हा चार भाग, पुन्हा दोन फेकायचे. असं करत करत अख्ख्या वॅगनची शेवटी एक पुडी उरते. ती लॅबला जाते. पुडी काय बोलेल ते त्या वॅगनचं नशीब.

आणि या धंद्यात पाप एकच. वरवरचं खरडून नमुना घेणं! माल पाठवणारे लबाड असतात हो. वर चांगला दगड, खाली माती. म्हणून आमच्याकडे दगड आला की तो पूर्ण फोडायचा. मग तो कोणाचा का असेना.

हे लक्षात ठेवा. पुढे कामी येईल.

आता माझा साळा. मधू. नागपूरला दगडधोंड्यांचं शास्त्र शिकला, पहिल्या वर्गात पास झाला. मी इथे साहेबांच्या बंगल्यावर चपला झिजवून त्याची नोकरी जवळजवळ लावली होती. आणि हा पठ्ठ्या म्हणतो काय? समुद्राचा तळ शोधायला जातो! अहो, आमच्या दोन्ही घराण्यांत कोणी वैनगंगा पोहून ओलांडली नाही. या मधूला तर विहिरीत उतरायची भीती. जहाजावर पहिला आठवडा नुसत्या उलट्या केल्या, असं त्यानंच पत्रात लिहिलं होतं. मला सांगा, उलट्या करायला एम.एस्सी. कशाला लागते?

तर एका उन्हाळ्यात तो मुंबईहून कलकत्त्याला जाताना मेलमधून दुर्गला उतरला. दोन दिवस बहिणीकडे मुक्काम. कलकत्त्याला मोठमोठ्या शास्त्रज्ञांची समिती बसणार होती. पुढच्या सफरीला कोण जाणार आणि कोणाला कायम करणार, हे तिथे ठरायचं होतं. मधूची नोकरी सहा-सहा महिन्यांची. या खेपेला निवड झाली नाही तर गाशा गुंडाळून परत. ते मला मनातून चाललंच असतं, हेही सांगून टाकतो.

संध्याकाळी त्यानं ट्रंक उघडली आणि आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या बाळासारखं बाहेर काढलं.

"भाऊजी, हे पाहा."

पाहिलं. सिगडीत विसरलेला बटाटा! काळा, गोल, खरखरीत.

"समुद्राच्या तळाचा हाये. तीन मैल खोल," मधू म्हणाला. "तारेले लोखंडी जाळं बांधून खाली सोडलं. वर याले अर्धा दिवस लागे. दोन खेपा रिकाम्या गेल्या. तिसऱ्या खेपेले हा एकच आला."

"काय हाये त्यात?"

"मँगनीज."

मी हसलो. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

"मँगनीज मले शिकवून राहिला तू? मँगनीज बालाघाटले निघते. समुद्रात मीठ निघते!"

"मनूनच तं! तुमच्या लॅबचा कागद भेटला तं समितीपुढं वजन पडन. चिमूटभर खरडून घ्या, भाऊजी. जास्त नोको."

चिमूटभर. खरडून. हे मला! ज्यानं भल्या भल्या व्यापाऱ्यांच्या वॅगनी परत पाठवल्या, त्याला! माझं जेवणावरचं मनच उडालं. पण पाहुण्याला काय बोलायचं? मी नुसतं "उद्या संध्याकाळी कागद हातात देतो" म्हणालो.

सकाळी निघताना कुसुम, म्हणजे आमची मंडळी, दारापर्यंत आली.

"जपून न्या न जी. पोट्ट्याचा जीव हाये त्याच्यात."

"मी काय पहिल्यांदा दगड नेऊन राहिलो?"

शेडमध्ये दगड फोडायला सुखवंतीन नावाची छत्तीसगढी बाई होती. मरोद्याकडच्या वस्तीतून यायची. मी बटाटा तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं उचलला, हरखून फिरवून पाहिला, पदरानं पुसला.

"बाबू, ये ला फोड़हूं? गजब सुघ्घर गोल हे।"

"फोड! पूरा फोड!"

दोन घावांत दोन फाका झाल्या. आत कांद्यासारखे पापुद्रे, एकावर एक. आणि मधोमध काहीतरी तपकिरी, तीन कोनांचं, चकचकीत. बाईची हातोडी थांबली.

"बाबू, ये त दांत हे!"

"पत्थर को दाँत रहते क्या? फेंक उधर! आगे कूट!"

मग काय, सगळं यथासांग. कुटलं, ढीग केला, चार भाग केले, दोन फेकले. पुन्हा कुटलं, पुन्हा फेकले. वॅगनला जो मान, तोच मान साळ्याच्या दगडाला. पुडी लॅबला गेली आणि दुपारपर्यंत कागद आला. मँगनीज होतं! चांगलं भरपूर होतं! खोटं कशाला सांगू, मला मधूचा थोडा अभिमानही वाटला. कागद आणि लॅबनं परत दिलेली पुडी खिशात घालून मी सायकल हाणली.

मधूनं कागद वाचला आणि चक्क माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला. मग तो म्हणाला, "आन् दगड?"

मी पुडी त्याच्या हातावर ठेवली.

"हे काय हाये?"

"दगड."

"बाकीचा?"

"बाकीचा नियमाप्रमाणे फेकला."

मधू मटकन खाटेवर बसला. कुसुम हातात लाटणं घेऊन बाहेर आली. चुकून आलं असेल, मी त्यावर काही म्हणत नाही.

"चिमूटभर मनलं होतं न त्यानं!"

"मग चिमूटभरच तं आणली!"

हसू नका! मधू तिथे रडत होता. पंचविशीचा घोडा, समुद्र फिरून आलेला, आणि माझ्या खाटेवर बसून लहान पोरासारखा रडत होता. मला तेव्हा कसंसंच झालं. पण माणसाला कसंसं झालं की तो काय करतो? ओरडतो.

"सांगाचं कावून नाही मंग, का अख्खा पाह्यजे मनून!"

"भाऊजी, तो झाडासारखा वाढते," मधू डोळे पुसत म्हणाला. "केसाएवढा वाढाले हजारो वर्षं लागते. पापुद्रे मोजून त्याचं वय काढतो आम्ही. आन् मधात काहीतरी बीज असते, त्याच्याभवती तो चढते. माशाचं हाड, शार्कचा दात. कलकत्त्याले समितीसमोर कापून तेच दाखवाचं होतं मले."

दात.

सकाळची ती थांबलेली हातोडी आठवली. कुसुमनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. बायकांना कसं कळतं कोण जाणे!

"काय फेकलं तुम्ही अजून?"

मी सायकल काढली. तो कुठे पडला ते सुखवंतीनलाच ठाऊक. मरोद्याच्या वस्तीत पोचलो तेव्हा सुखवंतीन अंगणात सुपात तांदूळ निवडत होती.

"सुखवंतीन, वो सुबह का पत्थर... वो जो बीच में से निकला था..."

"कोन? पथरा?"

"हाँ, पथरा।"

"पथरा त तुमन फेंकवा देव, बाबू।"

"अरे वो नहीं! वो दूसरा। वो..."

बाई सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत बसली. तिला सगळं समजलं होतं हो! पण माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं.

"दाँत," मी म्हणालो.

"का?" काय म्हणालात, असा तिनं कान पुढे केला.

"दाँत! दाँत था वो!"

आजूबाजूच्या झोपड्यांतून बायका बाहेर आल्या. सुखवंतीननं पदराची गाठ सोडली. आत तो दात होता, आणि त्याला चिकटलेली पापुद्र्यांची एक खपली, अंगठ्याएवढी.

"फेंके बर मन नइ मानिस," ती म्हणाली. "काकरो मुंह के रिहिस होही।"

कोणाच्या तरी तोंडातला असेल, म्हणून तिला फेकवेना. आणि मला? मला शंकासुद्धा आली नाही. परतताना अख्खा रस्ता मी स्वतःवर चिडून सायकल चालवली, आणि घर जवळ येताच सवयीप्रमाणे मधूवर चिडलो.

मधू तो दात, ती खपली, माझी पुडी आणि लॅबचा कागद घेऊन कलकत्त्याला गेला. आणि निवड झाली! समितीनं त्या अंगठ्याएवढ्या खपलीवरचे पापुद्रे भिंगाखाली मोजले म्हणे. कुसुमनं गल्लीत पेढे वाटले. मला एक पेढा दिला. एकच.

वर्षभरानं मधू आला तो छापील पुस्तिका घेऊन. इंग्रजीत, नकाशांसकट. शेवटच्या पानावर त्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं. नमुन्याचं महत्त्व ओळखून तो जपून ठेवल्याबद्दल भिलाईच्या श्रीमती सुखवंतीन यांचे आभार. अख्खं नाव, जाड ठशात!

मी चष्मा पुसला. "आन् माहं नाव?"

मधू पंख्याकडे पाहायला लागला.

"अरे, लॅबचा कागद कोणी आणला? पुडी कोणी केली? लिहिलं नाही तू काही?"

"लिहिलं न, भाऊजी," असं म्हणून त्यानं खालच्या बारीक ओळीवर बोट टेकवलं. "'नमुन्याचा उर्वरित भाग स्थानिक कारणांमुळे नष्ट झाला.'"

"स्थानिक कारणं म्हंजे?"

"म्हंजे तुमी," कुसुम आतून ओरडली.

सांगा आता! नियम पाळणारा माणूस मी, आणि छापील कागदावर मी एक कारण!

दुसऱ्या दिवशी पुस्तिका शेडमध्ये नेली. न्यावी लागली, मधूनं बजावलं होतं. सुखवंतीनला तिचं नाव दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं, पदरानं डोळे टिपले आणि मग माझं नाव कुठे आहे ते मोठ्या आपुलकीनं विचारलं, "अउ तुंहर नाव कोन मेर हे, बाबू?"

मी त्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

तिनं ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, वरच्या आपल्या नावाशी ताडून पाहिली आणि कौतुकानं मान हलवली.

"बाप रे! तुंहर नाव त मोर ले घलो लंबा हे!"