देवाला न विचारलेला प्रश्न

हातखंब्याच्या तिठ्यावर भागोजी गोताडचं पंक्चरचं दुकान होतं आणि तिथून आत, चढण संपल्यावर लागणाऱ्या वाडीत त्याचं घर. घरात तो आणि त्याची आई चिमा. शनिवारी रावजी यायचा. रावजी मूळचा किनाऱ्यावरच्या नाटे गावचा. मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून तो कोल्हापूरला टेम्पो न्यायचा. काही वर्षांपूर्वी टायर फुटला म्हणून भागोजीच्या दुकानाशी थांबला आणि मग दर खेपेला थांबत राहिला. तो आला की चिमा बांगड्याचं तिखलं करायची. वाडीतल्या बाया त्याच्याकडून सुके बोंबील मागवून घ्यायच्या. काय आहे ते सगळ्यांना दिसत होतं. कुणी विचारत नव्हतं, कारण कुणी सांगत नव्हतं.

सांगितलं भागोजीनेच, तेही वैतागून. त्याचा चुलता सखाराम वाडीचा गावकार, म्हणजे मानाचा म्होरक्या होता. दिवाळीनंतर सखारामने आणखी एक स्थळ आणलं, तेव्हा भागोजी म्हणाला, "काका, मला बाईमाणूस नको. मला रावजी हाय. त्या पोरीचं वाटोळं कशाला करायचं?"

शेवटचं वाक्य कुणी लक्षात ठेवलं नाही. आधीची मात्र दुसऱ्या दिवशी विहिरीवर पोचली होती.

शिमग्यात देवाची पालखी देवळातून निघते, सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर बसते आणि मग घरोघर जाते. मुंबईला राबणारा माणूस बिनपगारी रजा टाकून येतो तो याचसाठी. पालखी ज्याच्या अंगणात थांबत नाही, त्याला वाळीत टाकलं असं कुणी बोलून दाखवावं लागत नाही. सत्याऐंशीच्या शिमग्याआधी देवळात गावकी, म्हणजे वाडीची पंचायत बसली, तेव्हा पुढे प्रश्न एकच होता. भागोजीच्या घरी पालखी न्यायची की नाही? चिमाने त्याआधीच अंगण सारवून घेतलं होतं.

भागोजी शिमग्यातल्या नमनाच्या खेळात मृदंग वाजवायचा. त्या दिवशीही तो मृदंग घेऊनच खांबाला टेकून बसला होता. त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलणं चाललं होतं.

"मुंबईला होता ना मधी? तिकडनं लागलं असंल," एक म्हातारा म्हणाला.

"आख्खी वाडी मुंबईला हाय आबा. मग सगळ्यांनाच लागायला पायजे होतं."

"नमनात बाईचं सोंग घेतलं असंल कधीतरी. लुगडं नेसून नेसून मन फिरतं."

"राधा मी होतो," मागून धाकू म्हणाला. "पंधरा वर्षं लुगडं नेसतोय. पाच पोरं हायत मला. फिरायचं असतं तर माझं फिरलं असतं."

हशा पिकला. भागोजी हसला नाही. धाकू त्याची बाजू घेत होता की स्वतःची, हे त्याला कळेना.

मग भास्करगुरुजी उभे राहिले. रत्नागिरीहून स्कूटरने शाळेवर येणारे, वाचणारे गृहस्थ. गावकी त्यांना मानाने बोलवायची. ते म्हणाले, "मंडळी, याला समलिंगी म्हणतात. शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे, पण पुष्कळांचं मत असं, की हे जन्मजात असतं. डावखुरा माणूस असतो तसं. आणि जन्मजात असेल तर त्यात त्याचा दोष काय? दोष नसताना शिक्षा करणं म्हणजे निव्वळ पूर्वग्रह."

"आणि जन्माचं नसंल तर?" भागोजीने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे मी माझ्या खुशीनं रावजीला घरात घेतला असंल तर? मग दोष माझा?"

गुरुजी चिडले. "अरे, मी तुझी बाजू मांडतोय. मध्ये बोलू नकोस."

सखारामला मात्र गुरुजींचं म्हणणं पटल्यासारखं दिसलं. त्याने मान हलवली. "बरोबर हाय. जन्माचं असंल तर माणसाच्या हातात नाय. पण ते ठरवणार कोण? पुस्तक? रामा, कौल लाव."

रामा गुरवाने देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सखाराम हात जोडून गाऱ्हाणं घालू लागला.

"बा देवा महाराजा, बारा वाटांच्या, बारा वहिवाटींच्या धन्या!"

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले.

"आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी बसली हायत!"

"व्हय महाराजा!"

"ह्या भागोजीच्या अंगात जी खोड हाय, ती जन्माची असली तर उजवा दे, लागलेली असली तर डावा दे, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

त्या आवाजात भागोजीचाही आवाज होता. लहानपणापासून गाऱ्हाण्याला तो 'व्हय' म्हणत आला होता आणि तोंड आपोआप उघडलं. 'खोड' हा शब्द त्याच्या डोक्यात पोचला तोवर उशीर झाला होता.

"बघा, त्याला स्वतःलाच मान्य हाय," कुणीतरी म्हणालं.

"काका, मी खोडीला व्हय नाय म्हटलं..."

"गप. कौल चाललाय."

उजवी कळी पडली. गुरुजींचा चेहरा खुलला. भागोजीलाही क्षणभर बरं वाटलं. आई आता नारळ काढून ठेवील, असं त्याच्या मनात आलं.

सखारामने पडलेली कळी उचलून कपाळाला लावली. मग म्हणाला, "जन्माचं हाय. म्हणजे जाणार नाय. सवय असती तर मोडली असती, लगीन लावून दिलं असतं. आता उपाय नाय. जे कंदी सुधारायचं नाय, त्या घरात पालखी कशी न्यायची?"

"अहो, पण आपलं ठरलं होतं..." गुरुजी म्हणाले.

"ठरलं होतं विचारायचं. विचारलं."

भागोजी उठला. "डावा पडला असता तर काय म्हणाला असतास काका?"

"म्हटलं असतं, खोड सोड, मग पालखी येईल."

"म्हणजे कसंबी पालखी येणार नव्हतीच. मग त्याला कशाला विचारलंत?" त्याने देवाकडे हात केला. "विचारायचं तर सरळ विचारा. माझ्या घरी यायचं हाय की नाय? रामा, लाव कळ्या."

रामाच्या तबकात कळ्या होत्या. त्याने सखारामकडे पाहिलं. "गावकारांनी सांगितलं तर लावतो."

"एका बैठकीला एकच कौल," सखाराम म्हणाला.

"गेल्या वर्षी विहिरीच्या जागेला पाच लावलेत."

"ती विहीर होती."

सखाराम जरा मऊ आवाजात म्हणाला, "भाग्या, डोक्यात राख घालू नको. मृदंग तुझाच हाय. तुझ्यासारखा हात वाडीत दुसऱ्याचा नाय. नमनाला ये."

भागोजीने मृदंग उचलला, सखारामच्या पुढ्यात ठेवला आणि बाहेर पडला.

घरी चिमा त्याच्यावरच उखडली. "जल्लं मेलं तुझं तोंड! वाजवायचं तरी होतंस. तेवढं तरी राहिलं असतं."

"हात चालतात आणि घर चालत नाय, आये?"

"मला शहाणपण नको. मी किती शिमगे बघणार हाय अजून?"

पालखी फिरली त्या दिवशी ढोल शेजारच्या अंगणात वाजले आणि पुढे गेले. दुपारी चिमा नारळ आणि ओटी घेऊन एकटीच सहाणेवर गेली, परगावच्या बायांच्या रांगेत उभी राहिली आणि परत येऊन भात रांधू लागली. शनिवारी रावजीने सगळं ऐकून घेतलं. "आमच्या नाट्याला जन्माचं-बिन्माचं कोण विचारीत नाय," तो म्हणाला. "मासा काय भावानं, तेवढंच विचारतात." चिमा कशीबशी हसली. भागोजी जेवणावरून उठला.

पुढच्या आठवड्यात गुरुजी स्कूटर ढकलत दुकानाशी आले. भागोजीने चाक काढलं. गुरुजी बाकावर बसले.

"वाईट झालं. पण एक लक्षात घे, मुद्दा आपलाच सिद्ध झाला. जन्मजात आहे हे गावकीने मान्य केलं. तत्त्वतः आपण जिंकलो."

"तुमच्या मनात काय नाय ना, गुरुजी?"

"छे! माझ्या मनात कसला पूर्वग्रह?"

"मग आम्हाला जेवायला बोलवा. मला आणि रावजीला. तुमच्या घरी, वहिनींच्या हातचं."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "बोलवू की. परीक्षा होऊन जाऊ देत मुलांच्या."

"वार सांगा."

"सांगतो ना रे. चाक झालं का? शाळेला उशीर होतोय."

चाक झालं होतं. भागोजीने ते उचलून आपल्या मागे भिंतीला टेकवलं आणि पुढ्यात पाय पसरून बसला.

"वार सांगा, गुरुजी."