भाव न करणारं गिऱ्हाईक

मी आठवडी बाजारात स्टीलची भांडी विकतो. वाशिमकडचं मालेगाव, शिरपूर, अनसिंग, असा फिरता संसार. भाव करताना माझा आवाज चढतो. शेजारचा मसालेवाला म्हणतो, "भाऊ, भांडे इकून राह्यले का भांडून राह्यले?" खरं म्हणजे दिवसभरात माझ्याशी कोणी बोलतं ते तेवढंच. भाव ठरला की माणूस निघून जातो.

या धंद्याआधी आठ वर्षं मी विनाअनुदानित शाळेत शिक्षक होतो. पगार नाही. संस्थेचे अध्यक्ष दर दिवाळीला म्हणायचे, "थांबा, अनुदान येऊन राह्यलं." मी म्हणायचो, "हो साहेब." अनुदान आलं तेव्हा माझ्या जागेवर त्यांचा भाचा बसला. तेव्हाही मी "हो साहेब" म्हणूनच बाहेर पडलो. दुसऱ्या शाळेत अर्ज केला असता, पण तिथेही असाच कोणी साहेब असणार. म्हणून भांडी घेतली. वाशिमच्या ठोक दुकानदाराशी पहिल्याच दिवशी दोन तास भांडलो आणि कळलं, मला हे जमतं. जिथे भांडायला हवं होतं तिथे मात्र भांडलो नाही. तो राग अजून आहे.

परवा शिरपूरला एक बाई आली, कडेवर मूल. तिने कुकरचा भाव विचारला. मी नेहमीसारखे तीनशे चढवून सांगितले आणि सरसावून बसलो. तिने मला निरखून पाहिलं.

"सर, तुमी? मी पाचवीत होती तुमच्या वर्गात."

आणि सगळे पैसे पुढे केले.

"अवं, भाव कर ना!"

"सरासंग कायचा भाव?"

"लय जास्त सांगितले मी. कमी करा म्हण."

"हो सर," ती म्हणाली. हात तसाच पुढे.

हे "हो सर" मीच शिकवलं होतं. उलट बोलणाऱ्याला माझ्या वर्गात छडी मिळायची.

"कमी करा म्हण!" मी ओरडलो. मूल रडायला लागलं. तिने घाबरून पैसे चादरीवर ठेवले आणि कुकर घेऊन गेली.

शंभराच्या तीन नोटा घेऊन मी स्टँडपर्यंत पळालो. एसटी निघाली होती. मी नोटा हलवत राहिलो. खिडकीतून तिने मला पाहिलं, नमस्कार केला, आणि मग मांडीवरच्या मुलाचेही दोन्ही हात धरून जोडले.