दोन दगडांचा करार

सलमाचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या एसटी स्टँडवर होतो. "दामूकाका, अब्बा गेले," एवढंच ती बोलली... इक्बालभाईंना जाऊन आता महिना होईल.

आमचा कोळीवाडा, त्यांचा मोहल्ला, आणि मधे खाडी. तरुणपणी ते जहाजावर होते. तिथं इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचा एक बुगिस जमातीचा खलाशी त्यांचा जिवलग झाला. त्याच्या मुलखातल्या तीन राज्यांनी कधीकाळी सख्ख्या भावांसारखं राहायचं ठरवलं आणि शपथ म्हणून जमिनीत दगड पुरले, ही गोष्ट इक्बालभाई पुन्हा पुन्हा सांगत. "वाहून चाललेल्याला काठाला ओढायचं, पडलेल्याला उठवायचं, चुकलेल्याला आठवण द्यायची. बस, एवढाच करार. मोडला तर शरम! शरम गेलेला माणूस त्यांच्या लेखी जितेपणीच मेलेला."

खाडी बुजवून इमारती उठवायला बिल्डर आला, तेव्हा त्यांनी दोन्ही वस्त्यांना काठावर बसवलं. वेगवेगळं कुणी बोलणी करायला जायचं नाही, असं ठरलं. एक दगड आमच्या पाटलानं पुरला, एक इक्बालभाईंनी. त्या दिवशी दोन्हीकडच्या बायकांनी एकाच चुलीवर रांधलं होतं.

दोन पावसाळे शब्द टिकला. मग आमचे पंच नव्या जेट्टीच्या आशेनं गुपचूप बिल्डरकडे जाऊन आले. ते कळताच मोहल्ल्यानंही रस्त्याच्या बदल्यात होकार दिला. इक्बालभाई आधी आपल्या माणसांशी भांडले, मग एकटेच आमच्याकडे आले. पाटलानं त्यांना बसा म्हटलं नाही.

"चुकलेल्याला आठवण द्यायची, म्हणून आलो," ते म्हणाले.

"आमाला नको आठवण. तुमचं तुमी बगा."

ते वळून उन्हात चालू लागले. परतताना मला म्हणाले, "दामू, माझंच चुकलं. दुसऱ्यांची शपथ उसनी आणून चालत नाही रे..."

भराव पडला. जेट्टी झाली नाही, रस्ताही नाही. पुढं इक्बालभाई घराबाहेर पडेनासे झाले.

दफनाला कोळीवाड्यातून मी एकटाच होतो. नंतर सलमानं मला त्यांच्या खोलीत नेलं. खिडकी सताड उघडी होती. बाहेर हातभर अंतरावर इमारतीची भिंत. "शेवटी शेवटी डोळ्यांना दिसत नव्हतं," ती म्हणाली. "रोज खिडकी उघडायला लावायचे, विचारायचे, भरती आली का? आम्ही हो म्हणायचो."

मग तिनं विचारलं, "बंद करू का, काका?"