मुद्दलाला हात न लावता

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, अजून कसल्या मीटिंगा?" आता त्या संपल्या. हात थरथरतो, बँकेत सही जुळत नाही, म्हणून मंडळाचं खजिनदारपद मी सोडलं. दमलेही आहे. पण आजी इतकी वर्षं कशात अडकली होती हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून लिहिते.

गरीब घरातून दहावीला चमकलेल्या मुलांना चांदीचं पदक द्यायचं, एवढंच मंडळाचं काम. पहिल्या सभासदांनी वर्गणी जमवून बँकेत मुदत ठेव ठेवली आणि ठरवलं, पदकं व्याजातून द्यायची, मुद्दलाला हात लावायचा नाही.

पुढे व्याज घटलं, चांदी महागली. पण खरे महाग पडले ते पाहुणे. मुलांच्या सत्काराला पाहुणे, मग पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुणे आणणाऱ्यांचा. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ. गेल्या वर्षी हॉलचं भाडं आणि फेटेवाल्याचे पैसे धरले, तर पदकांना काही उरतच नव्हतं.

आमचे अध्यक्ष शिवाजी पेठेतले. बैठकीत म्हणाले, "ठेव मोडूया की, बाई. पैसा काय पुजायला हाय व्हय?"

"मोडा. पुढच्या वर्षी काय मोडाल?"

"पुढचं पुढं बघू."

"त्यापेक्षा फेटे बंद करा."

"आणि पावण्याला बोडका बसवू? पेठेत तोंड दावायला जागा न्हाय ऱ्हायची!"

"मग तुमचा फेटा द्या त्याला."

सगळे हसले, अध्यक्ष सोडून. ठेव मोडायला आम्हा दोघांच्या सह्या लागत. मी माझी सही केली नाही. कार्यक्रमापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि समजूत काढायचं त्राण माझ्यातही नव्हतं.

हॉलला आणि फेट्यांना पैसे नव्हते, म्हणून कार्यक्रम शाळेच्या एका वर्गात झाला. पाहुणे बोलावलेच नव्हते, तेव्हा पदकं मुलांच्या आयांनीच घातली. कुरुंदवाडहून आलेल्या एका बाईला पदकाची फीत पोरीच्या वेणीवरून गळ्यात घालता येईना. शेवटच्या बाकावरून अध्यक्ष ओरडले, "सावकाश, वहिनी, गाडी चुकत न्हाय!" नंतर चहा त्यांनी स्वतःच्या खर्चानं मागवला. माझा कप मात्र दुसऱ्याच्या हातून पाठवला.

मी घरी येऊन आडवी झाले. आनंद असा काही झाला नाही.

ठेव अजून तेवढीच आहे. पदक पातळ झालंय, पण चांदीचं आहे.