गोठलेली टक्केवारी

आमच्या नंदनवन भागातल्या कॉलेजने नवं ऑफिस-सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा त्याचंही उद्घाटन झालं. फीत संगणकालाच बांधली होती. कापेपर्यंत त्याला हात लावायची सोय नव्हती.

हजेरीची जुनी फाइल नव्या प्रकारात बदलून घेतली होती. परीक्षा विभागातल्या बाईंनी तिच्यात स्वतः सूत्र लिहून ठेवलं होतं: आजारपणाचे दिवस वगळून टक्केवारी काढणारं. नव्या फाइलमध्ये ते चालेना. टक्केवारीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एररच एरर. पाहुणे जिना चढत होते.

"हे काय दिसून राहिलं बाई? जुने आकडे चिकटवा तिथं," प्राचार्य म्हणाले.

"सर, नुसते आकडे चिकटवले तर सूत्र जाईल. पुढची हजेरी भरली तरी टक्केवारी हलणार नाही."

"हालाले काहून पाहिजे? टक्केवारी हाय, झोका नाही."

आम्ही प्राध्यापक हसलो. बाईंनी फितीखालून हात घालून आकडे चिकटवले. पाहुण्यांनी पडद्याचं कौतुक केलं. नंतर बाईंनी सूत्र नव्याने लिहू का विचारलं, तर चाललेल्या गोष्टीला हात लावू नका, असं उत्तर मिळालं.

उमरेडहून बसने येणारी एक मुलगी तेव्हा काविळीने घरी होती, डॉक्टरचा दाखला अजून यायचा होता. तिचे बासष्ट टक्के गोठले. बरी झाल्यावर तिने एकही तास बुडवला नाही. तिची हजेरी मीच भरायचो. शेजारचं बासष्ट तसंच दिसायचं. पंच्याहत्तरच्या खाली परीक्षेला बसू देत नाहीत. अपात्रांची यादी लागली, त्यात ती होती.

बाईंनी कागदावर मोजून अठ्ठ्याहत्तर काढले. प्राचार्यांनी कागद पाहिला. "एकीचं बदललं तर सगळ्यांचं पाहावं लागते. अन् यादी वर गेली." फाइल बिघडवल्याचा मेमो बाईंना मिळाला. मुलीला उपदेश मिळाला: "बेटा, कॉम्प्युटर कोणाचं तोंड पाहत नाही."

ती माझ्याकडे आली.

"सर, मी तं रोज येत होती. तुम्हीच हजेरी घेत होते नं?"

"हो."

"मंग सांगा नं त्याइले."

यादीखाली दुसरी सही माझी होती, आणि माझ्या बढतीचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर. मी तिला अर्ज करायला सांगितलं. तिने सुवाच्य अक्षरात केला. उत्तर परीक्षा संपल्यावर आलं: फाइल तपासली असता टक्केवारीत कोणताही बदल आढळला नाही.