पाणी आमचं, वाळू तुमची

माझ्या मुलीने एकदा कॉलेजातून मला फोन केला होता, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तिच्या आईलासुद्धा नाही.

फोन भर दुपारी आला. मी ऑफिसात गाड्यांच्या ब्रेकच्या टेस्टिंगच्या मीटिंगला निघालो होतो. ती म्हणाली, "बाबा, आय थिंक आय नीड टू कम होम."

"फीचं काही आहे का?"

"नो."

"गाडी?"

"नो, बाबा."

"मग आईशी बोल ना."

तिची आई तेव्हा भारतात, नागपूरला होती, माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन होतं म्हणून. तिकडे तेव्हा रात्र, सगळे झोपलेले असणार, हे मला माहीत होतं. मुलगी "ओके" म्हणाली आणि फोन बंद झाला. मीटिंग वेळेवर सुरू झाली.

आमच्या घरात वाटण्या पक्क्या होत्या. फी, गाडी, टॅक्स, इन्शुरन्स माझ्याकडे. रडणं, मैत्रिणी, दुखणीखुपणी तिच्या आईकडे. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं, पण कुणी मोडलंही नव्हतं.

ते सेमिस्टर मुलीने अर्ध्यावर सोडलं. आम्हाला कळलं ते उन्हाळ्यात. आई कळवळून म्हणाली, "अगं, एक फोन तरी करायचास!" मी समोरच बसलो होतो. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "आय शुड हॅव." मला सांभाळून घेतलं तिने. मीही घेऊ दिलं. बायको मात्र अजून म्हणते, "मी तेव्हा इथे असते तर!" आणि मी पेपर वाचत राहतो.

आता माझ्या छंदाविषयी, कारण तो फोन तिथेच पुन्हा समोर आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलाने किनाऱ्याच्या रक्षणाची रचना कशी केली होती, याचा मी बरीच वर्षं अभ्यास करतो आहे. राजवट पापी होती, त्याबद्दल माझ्या मनात गोंधळ नाही. पण रणगाडे आणि विमानांपेक्षा कोण कुणाचं ऐकतं, यातच लढाईचं निम्मं उत्तर असतं असं माझं ठाम मत आहे. गेल्या पानगळीत आमच्या गावच्या, नोव्हायच्या लायब्ररीत आमच्या मराठी मंडळींपुढे मी त्यावर बोललो. मुलगी ती आता राहते त्या गावाहून, ईडन प्रेरीहून वीकेंडला आली होती. ती मागे, समोशांच्या ट्रेजवळ उभी राहिली.

मी भिंतीवर तक्ता दाखवला. वर एका प्रदेशाचा अ‍ॅडमिरल. त्याच्या हाताखाली किनाऱ्याच्या एकेका पट्ट्याचा अधिकारी. किल्लेदार असतो तसा हा किनारदार, असं मी त्याचं मराठी करून टाकलं. त्याच्याखाली नौदलाचे तोफखाने, बंदरांचे अधिकारी, गस्तीच्या होड्या. इथवर सगळं सरळ. घोळ पुढे. शत्रू पाण्यात असेल तोवर तोफेने नौदलाचं ऐकायचं. तो वाळूवर उतरला की लष्कराचं. तोफ तीच, गोलंदाज तेच, मालक बदलला.

"म्हणजे आपल्या पोलिसांसारखंच की!" साताऱ्याचे एक रिटायर्ड डॉक्टर काका पुढच्या रांगेतून म्हणाले. "ओढ्यात प्रेत सापडलं की अलीकडचं ठाणं म्हणतं, पलीकडच्यांची हद्द. पलीकडचं म्हणतं, छे, अलीकडच्यांची."

"पोलीस कशाला, आमच्या घरी या," काकू म्हणाल्या. "कचरा डब्यात असला तर यांचा. डब्याबाहेर सांडला की माझा."

"काकू, आमच्याकडे तर तहच झालाय!" माझी बायको म्हणाली, आणि हॉल हसला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "बाबा, क्वेश्चन. बोट अर्धी पाण्यात, अर्धी वाळूवर. देन हू पिक्स अप द फोन?"

लोक पुन्हा हसले. काका म्हणाले, "घ्या! घरचीच तोफ उलटली."

मी उत्तर दिलं. न अडखळता दिलं. किनारदाराला दोन वरिष्ठ असत, समुद्राच्या बाबतीत अ‍ॅडमिरल आणि जमिनीवर लष्कराचा सेनापती. प्रत्यक्ष वेळ आली की दोघांत ओढाताण व्हायची, वगैरे. त्यातलं अक्षरही चुकीचं नव्हतं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओके."

तोच ओके. आवाजाची पट्टीसुद्धा तीच.

घरी येताना बायको गाडीत म्हणाली, "मस्त झालं हं. आणि हिने प्रश्न काय भारी काढला!" मुलगी मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होती. मी आरशात बघितलं, तिनेही बघितलं. बोलायला तेवढी जागा पुरेशी होती. मी म्हणालो, "समोसे जरा तेलकट होते." मुलगी हसली, पण माझ्यासाठी नाही.

ऑफिसात आमच्या टीमचे ब्रेक आणि दुसऱ्या टीमचं स्टीअरिंग जिथे भेटतं, त्या जागेची काळजी मीच घेतो. त्यात माझं नाव आहे. गाडी बिघडते ती तिथेच, एवढं मी नव्या पोरांना छातीठोकपणे शिकवतो. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. माहीत होतं. "आमच्या हद्दीत येत नाही" अशा अर्थाचं वाक्य मी इतक्या वर्षांत एकदाच वापरलं, आणि ते स्वतःच्या मुलीवर.

मुलगी आज ठीक आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. मी उचलतो, ती गाडीचं विचारते आणि मी फोन आईकडे देतो.

तिने मला फोन केला होता, हे बायकोला सांगायचं देणं मी लागतो. आणि मुलीला एक प्रश्न विचारायचं: त्या दुपारी काय झालं होतं?